अंदाजानं सांगितलेलं वाक्य

पप्पा,

आईला संगमरवराच्या पाटीवर एक वाक्य कोरून हवं आहे. वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला ती तुमच्या नावानं पुस्तकांचं कपाट देते आहे आणि कपाटाच्या वर, भिंतीत, ही पाटी बसवायची आहे. पाटीवाल्यानं मजकूर शनिवारपर्यंत मागितला आहे. आईनं ठरवलेला मजकूर असा: 'शिक, मोठी हो, आईला सांभाळ.' हे तुमचं शेवटचं बोलणं, तुम्ही फोनवर मला सांगितलेलं, असं गेली अकरा वर्षं घरात सगळे धरून चालले आहेत. ते तुमचं नाही. ते माझं आहे. आज मंगळवार आहे. मला गोष्टी क्रमानं मांडल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, आणि ती सवय तुम्हीच लावली, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

क्रमानं म्हणजे खिडकीपासून. हदगावच्या सरकारी दवाखान्यातली औषधांची खिडकी. तिला लोखंडी जाळी, जाळीत खाली हात जाईल एवढं चौकोनी भोक. शनिवारी माझी शाळा सकाळची असायची. सुटली की मी दप्तरासकट तुमच्या मागच्या स्टुलावर येऊन बसायचे. तुम्ही पट्टीतून गोळ्या कात्रीनं कापता, कागदी पाकिटात घालता, पाकिटावर निळ्या पेनानं चित्र काढता. उगवता सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपार, चंद्रकोर म्हणजे रात्र. एवढं इतरही ठिकाणी करतात, हे मला पुढं कळलं. पण त्यानंतर तुम्ही जे करायचात ते मी दुसऱ्या कुठल्या खिडकीवर पाहिलेलं नाही. तुम्ही पाकीट पुढं सरकवायचात, पण त्यावरचं बोट काढायचा नाहीत. "आता मी पेशंट अन् तुम्ही कंपाउंडर. सांगा मला, कोणती कव्हा घेऊ?"

"तूच दिल्या अन् मलाच इचारून राहिला? इसरला का काय?" एक म्हातारी एकदा म्हणाली.

"हाव मावशी, इसरलो. सांगा बरं."

"असल्या इसरभोळ्याला कोणं बसवलं म्हणावं हितं?" सगळी रांग हसली. तीही हसली, आणि मग पाकिटं उलटसुलट करत, चंद्रावर नख टेकवत सांगायला लागली. एक चुकलं. तुम्ही रागावला नाहीत. पुन्हा सांगितलंत, पुन्हा विचारलंत, आणि तिन्ही बरोबर आल्यावरच बोट उचललंत. तुमची रांग त्यामुळे कायम लांब असायची. लोक कुरकुर करायचे आणि तरी तुमच्याच खिडकीवर यायचे.

राग तुम्हाला एकाच गोष्टीचा यायचा. एक माणूस घाईत होता, बाहेर त्याची जीप भरत आली होती. तो म्हणाला, "पांढरी दोन येळा. न्हाई, एक येळा. एकच असंल." तुम्ही पाकीट आत ओढून घेतलंत. "असंल म्हणू नका. न्हाई आठवत म्हणा, मी धा येळा सांगतो. अंदाज सांगू नका."

"जीप चालली ना साहेब."

"जाऊ द्या. दुसरी येती."

त्या दुपारी डबा खाताना तुम्ही मला कारण सांगितलंत, आयुष्यात एकदाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईला तुम्ही साखरेच्या आजाराच्या गोळ्या दिल्या होत्या. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, हाव, हाव म्हणत होती. तुम्ही जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी तिला बाजेवर घालून आणलं, शुद्ध नव्हती. ती सकाळची गोळी दिवसातून तीनदा घेत होती. "वाचली ती," तुम्ही म्हणालात. "पर ती मान हलवून राहिली होती अन् मी खूश होतो. मान हलली म्हणजे कळलं असं नसतं, बेटा." मग तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि खिडकी उघडलीत.

हीच पद्धत तुम्ही घरी माझ्या अभ्यासाला लावली. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात आणि म्हणता, "पुस्तक मीट. आता मी पोरगा अन् तू मॅडम. शिकव." आई तव्याकडं बघत म्हणते, "पोराला अक्कल हाय का बघ आधी." तुम्ही मुद्दाम बावळट प्रश्न विचारायचात. पाणी झाडात वर कसं चढतं, त्याला पंप कोण लावतं? मला उत्तर माहीत आहे असं वाटत असायचं, आणि तोंड उघडलं की कळायचं की मधली पायरीच नाही. आज मी नांदेडच्या फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते आणि स्मरणशक्तीवर संशोधन करते, तेव्हा हे मला नीट शब्दांत सांगता येतं. तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं की ते ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं अशी आपली फसगत होते. पुस्तक मिटून आठवून काढताना जो त्रास होतो, त्या त्रासानंच आठवण घट्ट होते. माझ्या विषयातल्या लोकांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. तुम्ही डिप्लोमाच्या पुढं शिकला नव्हतात, आणि हे तुम्हाला एका बाजेवरून कळलं होतं.

बारावीनंतर वर्षभर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायला तुम्ही मला लातूरला ठेवलं. दर दुसऱ्या रविवारी तुम्ही हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर अशा दोन बस करून यायचात. होस्टेलात पुरुषांना प्रवेश नव्हता, म्हणून आपण फाटकाजवळच्या लोखंडी बाकावर, लावलेल्या स्कूट्यांच्या शेजारी बसायचो. तुम्ही डबा उघडायचात आणि म्हणायचात, "चला मॅडम, आज काय शिकवता?" येणाऱ्याजाणाऱ्या मुली हसायच्या. मला लाज वाटायची, हे आता लिहायला हरकत नाही.

गोळी मला माझ्या रूममेटनं दिली. ती किल्लारीकडची, माझ्यापेक्षा हुशार आणि माझ्याइतकीच घाबरलेली. ज्यांचं लक्ष टिकत नाही अशा मुलांना डॉक्टर जी गोळी देतात ती. तिच्या आतेभावाला चालू होती, त्यातल्या तिच्याकडं आल्या होत्या. "अगं, भूक लागत नाही, कंटाळा येत नाही. पुस्तक स्वतःहून आत जातं," ती म्हणाली होती. पहिल्या दिवशी मी सहा तास उठले नाही. प्रत्येक ओळ महत्त्वाची वाटत होती. प्रत्येक ओळ चमकत होती. संध्याकाळी मला खात्री होती की प्राणिशास्त्राचा अर्धा भाग माझ्या डोक्यात बसला आहे. इतकी खात्री मला त्याआधी कधी कशाचीच वाटली नव्हती.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी तुम्ही आलात. मी पुस्तक मिटलं आणि हृदयाचा धडा सुरू केला. मी भरभर बोलत होते. आकृत्यांचे क्रमांक सांगत होते, कोणती व्याख्या कोणत्या पानावर आहे ते सांगत होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "ही झडप बंद होती म्हणतीस. कोण बंद करतं तिला?" मी थांबले. पुन्हा आकृतीचा क्रमांक सांगितला. मग पुन्हा तोच. तुम्ही डब्याकडं पाहिलंत, भाकरी तशीच होती. मागच्या वेळीही तशीच होती. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि घड्याळाकडं बघत राहिलात.

"बसून बसून नाडी कशी काय पळून राहिली?"

"चहा जास्त झाला."

"कोणती गोळी?"

"कोणती नाही."

"बेटा, मी फार्मासिस्ट हाव का पोस्टमन?"

मी सांगितलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. किती, केव्हापासून, झोप किती, असं खिडकीवर विचारतात तसं विचारलंत, आणि मी उत्तरं दिली. मग तुम्ही जे म्हणालात ते मला अक्षर न् अक्षर आठवतं, त्याबद्दल मी अंदाज करत नाही. "गोळी वाईट न्हाई. ज्याला पाहिजे त्याच्यासाठी ती देवासारखी हाय. तुला ती न्हाई पाहिजे. तुला भीती वाटून राहिली, अन् भीतीची ही गोळी न्हाई." थोड्या वेळानं म्हणालात, "अन् तू आज मला त्या जीपवाल्यासारखी वाटलीस." आयुष्यात तुम्ही मला एवढंच रागावलात.

मी वर जाऊन उरलेल्या गोळ्या घेऊन आले. तुम्ही त्या खिशात टाकल्या आणि पिशवीतून एक कोरं कागदी पाकीट काढलंत, दवाखान्यातलं. त्यावर तीन चित्रं काढली. उगवत्या सूर्याखाली लिहिलं 'वाच'. डोक्यावरच्या सूर्याखाली 'मीट आणि सांग'. चंद्राखाली 'झोप'. पाकीट पुढं सरकवलंत आणि बोट काढलं नाहीत. मी तिन्ही सांगितल्यावर, आणि गोळी पुन्हा घेणार नाही असा शब्द दिल्यावर, काढलंत. ते पाकीट आता माझ्या प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये आहे. विद्यार्थ्यांना मी डोपामिन शिकवते तेव्हा फळ्यावर आलेख काढते. मेंदूच्या पुढच्या भागात हे द्रव्य थोडं वाढलं की लक्ष स्थिर होतं, फार वाढलं की तोच भाग बिघडतो. आलेख टेकडीसारखा आहे. ज्याच्याकडं ते मुळात कमी पडतं त्याला गोळी वर चढवते. ज्याचं ठीक आहे तो माथ्याजवळच उभा असतो, त्याला चढायला फारशी जागा नसते, घसरायला असते. दुसरं म्हणजे, हे द्रव्य शिक्का मारतं: हे महत्त्वाचं, हे ठेव. गोळीनं शिक्का मारण्याचा वेग वाढतो, पण तो कशावर मारायचा हे गोळीला कळत नाही, समोर जे असेल त्यावर बसतो. आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि गोळी आधी झोपेलाच हात लावते. हे सगळं समजावायला मला दोन तास लागतात. तुमच्या पाकिटावर ते तीन चित्रांत आहे, एक चंद्र धरून.

आता पुढचं. तुम्हाला दिलेला शब्द मी दोन महिने पाळला. चाचण्यांतले गुण आधी उतरले, मग हळूहळू वर आले. परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा मला वाटलं की हळूहळू आता परवडणार नाही. मी रूममेटकडं पुन्हा मागितल्या. त्या काळात तुम्ही बसनं यायचं बंद केलं होतंत, माझा वेळ जाऊ नये म्हणून. तुम्ही फोन करायचात.

एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास तुमचा फोन आला. तुमची ओपीडी संपलेली, माझ्यासमोर वनस्पतींमधल्या वहनाचा धडा उघडा. त्या दिवशी मी एका गोळीऐवजी दोन घेतल्या होत्या. मी फोन कानाला लावला आणि वाचत राहिले. डाव्या पानावर मुळाचा आडवा छेद होता, वरच्या कोपऱ्यात. खालून दुसऱ्या ओळीत छपाईचा एक काळा ठिपका होता, अर्ध्या तिळाएवढा. आकृतीतल्या सात नावांपैकी पाचवं थोडं तिरकं छापलं होतं. हे मी आजही डोळे मिटून काढून दाखवू शकते. तुम्ही बोलत होतात. मी मधे मधे हो म्हणत होते. नंतर फोनमध्ये पाहिलं, अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांतलं तुमचं एक वाक्य माझ्याजवळ नाही. काय सांगितलं ते परत सांग, असं तुम्ही एरवी विचारलं असतंत. त्या दिवशी विचारलं नाहीत. परीक्षा जवळ आली म्हणून मला मोकळं सोडलं असावंत. 'असावंत' हा अंदाज आहे, तो खोडत नाही.

रविवारी सकाळी तुमचं हृदय थांबलं.

आमच्याकडं पांढऱ्या उंदरांवर एक साधा प्रयोग करतात. पेटीत दोन वस्तू ठेवायच्या, समजा एक काचेची बाटली आणि एक लाकडी ठोकळा. उंदीर दोन्ही हुंगतो. दुसऱ्या दिवशी त्यातली एक बदलायची. ज्याला कालचं आठवतं तो नव्या वस्तूपाशी जास्त रेंगाळतो. त्याच गोळीतल्या औषधाची कमी मात्रा दिलेल्या उंदराचं बरं चालतं. जास्त मात्रा दिलेला उंदीर पहिल्या दिवशी बाटलीपाशी जातो आणि तिलाच हुंगत राहतो. ठोकळा चार बोटांवर असतो. दुसऱ्या दिवशी ठोकळ्याच्या जागी काहीही ठेवलं तरी त्याला फरक पडत नाही, कारण त्याच्या लेखी तिथं काल काही नव्हतंच. वहीत अशा उंदरापुढं मी लिहिते, 'दुसऱ्या वस्तूची नोंद नाही.' हे पहिल्यांदा लिहिलं त्या दिवशी मी प्रयोग थांबवून पिंजरे धुवायला घेतले. पिंजरे धुवायचा तो दिवस नव्हता.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी आई भिंतीला टेकून बसली होती. आजूबाजूला बायका होत्या. ती मला म्हणाली, "तुझ्याशी लई वेळ बोलले म्हणं गुरुवारी. काय म्हणाले?" सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मला 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "शिक, मोठी हो, आईला सांभाळ म्हणाले." आईनं डोळ्याला पदर लावला. एक मावशी म्हणाली, "जाणाऱ्याला कळतं बघा." त्या दिवसापासून ते वाक्य आईचं झालं. परीक्षेत मला जेमतेम गुण पडले, मी फार्मसीला गेले, तेव्हा ती शेजाऱ्यांना हेच वाक्य सांगायची. नोकरी लागली तेव्हाही. मी प्रत्येक वेळी मान हलवली.

आता तुम्हीच सांगा. जिथं पोरं अभ्यासाला बसणार तिथं, तुमच्या नावाखाली, एक अंदाज कोरून लावायचा का?

शुक्रवार.

काल रजा टाकून हदगावला गेले. आई स्वयंपाकघरात मूग निवडत बसली होती. मी समोर बसले आणि ताट थोडं माझ्याकडं ओढलं.

"आई, पाटीवरचं वाक्य पप्पांचं नाही."

"मग कुणाचं?"

"माझं. तू विचारलंस तेव्हा मला काही आठवत नव्हतं. मी अंदाजानं सांगितलं."

तिचे हात चालूच होते. तिनं एक खडा काढून ताटाच्या काठावर ठेवला, मग दुसरा. मी मोजत होते, सहा झाले. मग ती म्हणाली, "मला सांभाळ म्हणाले असते व्हय ते? मीच त्यायला सांभाळून राहिले होते."

मीही एक खडा काढून काठावर ठेवला.

"म्हणजे अकरा वर्सं तू मला अंदाजाची गोळी दिली."

"हो."

"तुझ्या बापानं खिडकीतून हाकललं असतं तुला."

"हो."

"गुण आला पर," ती म्हणाली आणि ताट उचलून पाखडायला दारात गेली. तिथून तिचा आवाज आला, "मग आता काय लिहिती पाटीवर?"

मी म्हणाले, 'पुस्तक मिटा. आता सांगा.' ती पाखडायची थांबली. "हे हाय त्यायचं," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्याच्याखाली ते बी टाक. न्हाई आठवत म्हणा, अंदाज सांगू नका. पाटीवाल्याला सांग, अक्षर बारीक कर, पर बसव." येताना मी पाटीवाल्याकडं थांबले. त्यानं मजकूर लिहून घेतला, आणि मी त्याला तो परत वाचून दाखवायला लावला. तो म्हणाला, "लिहिलं ना ताई, कशाला वाचायचं?" मी कागदावरचं बोट काढलं नाही. त्यानं वाचला. बरोबर होता.

हे कुठं पाठवायचं नाही, ड्रॉवरमध्ये तुमच्या पाकिटाखाली ठेवणार आहे. आईला मी वाक्याचं सांगितलं, गोळीचं सांगितलेलं नाही. ते फक्त इथं आहे. आणि आणखी एक राहिलं आहे. ती अकरा मिनिटं मी पुष्कळदा पुस्तक मिटून आठवायला बसले आहे, तुमच्या पद्धतीनं, घाई न करता. पान येतं, ठिपका येतो, तिरकं छापलेलं नाव येतं. एकदाच, गेल्या वर्षी, शेवटचा एक तुकडा आला. शब्द नव्हते, फक्त चाल. तुमचा आवाज शेवटी थोडा वर गेला, काहीतरी विचारताना जातो तसा, आणि मी हो म्हणाले. कशाला हो म्हणाले, ते मला आठवत नाही, पप्पा.